घोडा राहिला, स्वार गेला: काळा घोडा चौकाची पार्श्वभूमी

मुंबईच्या काळा घोडा चौकात आज जो घोडा उभा आहे, त्याच्या पाठीवर कोणीच नाही. हा पुतळा २०१७ सालचा. रचना वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची, घडवला श्रीहरी भोसले यांनी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, स्वाराचं काम अर्धवट राहिलं असावं. तसं नाही. स्वार होता, भरपूर खर्च करून बसवलेला होता, आणि तो सध्या भायखळ्याला राणीच्या बागेत आहे. हा चौक आणि त्याभोवतीची वस्ती स्वत:ला ‘काळा घोडा’ का म्हणवते, हे कळायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली. अमेरिकेतल्या यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता, आणि तट गेल्यावर मोकळी झालेली जमीन नव्या इमारतींची वाट पाहत होती. रॅम्पार्ट रो हे रस्त्याचं नाव त्या पडलेल्या तटाचंच. इमारतींपाठोपाठ पुतळे आले. ते ‘इंग्रजांनी उभारले’ असं आपण सरसकट म्हणतो, पण पैसे बहुतेकदा देशी होते. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतला बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. १८७५-७६ मध्ये राणीचा मुलगा, तेव्हाचा प्रिन्स ऑफ वेल्स, हिंदुस्थानात येऊन गेला. त्या भेटीची आठवण म्हणून त्याचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा दिला अल्बर्ट ससून यांनी. शिल्पकार जोसेफ एडगर बोम, साल १८७९. बगदादहून आलेल्या ज्यू घराण्यातले हे ससून. पुतळ्यासमोरचं डेव्हिड ससून वाचनालय त्यांच्या वडिलांच्या नावाचं, कुलाब्याची ससून गोदी त्यांनी स्वत: बांधलेली. राजनिष्ठेची जाहीर पावती आणि शहरात आपल्या घराण्याची जागा, दोन्ही एकाच चौथऱ्यावर.

हा प्रिन्स पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला. पण लोकांच्या लेखी त्याच्या बढतीला काही किंमत नव्हती. ट्रामने जाणाऱ्याला, हमालाला, कारकुनाला वर मान करून दिसायचा तो काळपट ब्राँझचा घोडा. चौकाचं नाव काळा घोडा पडलं. कोणत्याही ठरावाशिवाय, पाटीशिवाय. नाव देताना राजाचा उल्लेखसुद्धा करावासा वाटला नाही, यात थोडी थट्टा असावी असं मला वाटतं. भायखळ्याच्या ‘खडा पारशी’चंही तसंच झालं. उंच खांबावर उभे असलेले ते गृहस्थ म्हणजे करसेटजी माणेकजी. पुतळा उभारणारे त्यांचे चिरंजीव माणेकजी करसेटजी हे मुंबईत मुलींच्या शिक्षणासाठी झटलेले सुधारक. आज दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात सापडलेल्या त्या पुतळ्याखालून रोज हजारो माणसं जातात. बापलेकांची नावं क्वचितच कोणाला ठाऊक असतात, ‘खडा पारशी’ मात्र टॅक्सीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

अर्थात सगळ्याच पुतळ्यांवर थट्टेने भागलं नाही. १८९६ मध्ये एका रात्री व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. ते काम चापेकर बंधूंचं होतं, हे पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा वध झाल्यावर दामोदर चापेकरांच्या निवेदनातून उघड झालं. डांबर संगमरवरात मुरलेलं. ते काढायचं कसं, हा सरकारपुढे पेचच पडला. शेवटी त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्राच्या देशी प्राध्यापकाने राणीचा चेहरा स्वच्छ केला. पुतळा देणारे बडोद्याचे महाराज, विटंबना करणारे चिंचवडचे तरुण आणि पुसणारे गुजराती रसायनशास्त्रज्ञ. त्या एका दगडाभोवतीचं हे राजकारण पुतळा कोणासारखा दिसतो याच्याशी फारसं संबंधित नव्हतं. शहराच्या मध्यावर कोणी बसायचं, हा सवाल होता.

तोच सवाल साठ वर्षांनी फ्लोरा फाउंटनला पुन्हा आला, आणि या वेळी रक्त सांडलं. फ्लोरा ही रोमन फुलदेवता, कारंजं १८६४चं, आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचं. मुळात ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे राणीच्या बागेसाठी होतं, उभं राहिलं मात्र फोर्टात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी याच भागात जमलेल्या मोर्चावर गोळीबार झाला. आंदोलनातल्या हुतात्म्यांचा आकडा पुढे शंभरावर गेला. राज्य झाल्यावर कारंज्याशेजारी हुतात्मा स्मारक उभं राहिलं: मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी. कोणी सेनापती नाही, कोणी पुढारी नाही. मुंबईतल्या सगळ्या सार्वजनिक शिल्पांत मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गिरणगावातल्या माणसाला फोर्टात स्वत:सारखा दिसणारा पुतळा सापडला, तो इथे. चौक हुतात्मा चौक झाला. आणि फ्लोरा? तिला कोणी हलवलं नाही. २०१९ मध्ये तिची डागडुजी होऊन कारंजं पुन्हा सुरू झालं. एका चौकात रोमन देवी आणि मशालवाले कामकरी गेली साठेक वर्षं शेजारी आहेत. बोलणारा माणूस ‘फाउंटन’ म्हणतो की ‘हुतात्मा चौक’, यावरून त्याचं वय आणि घराचा पत्ता ओळखायचा प्रयत्न करू नये, अंदाज चुकतो.

राजाराण्यांचा मुक्काम मात्र आता उठणारच होता. २६ जानेवारी १९६१ रोजी गेटवेजवळ शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला. १९६५ मध्ये उरलेले ब्रिटिश पुतळे उचलून भायखळ्याच्या बागेत नेण्यात आले. फोर्टात राहून गेलेली फ्लोरा मूळची भायखळ्याची, आणि फोर्टातले हे सगळे भायखळ्याला! व्हिक्टोरिया तिच्याच नावाच्या बागेत पोचली. पुढे बागेला जिजामातांचं नाव दिलं गेलं, तरी मुलांना घेऊन निघालेली मुंबई अजून राणीच्या बागेतच जाते.

घोडाही एडवर्डसकट गेला. आता एक मजेशीर स्थिती झाली. ज्या वस्तूवरून नाव पडलं ती वस्तूच चौकात नाही, जिथे ती होती तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि नाव तरीही जागचं हललं नाही. उलट नंतरच्या पन्नास वर्षांत ते अधिक पक्कं झालं. त्याचं श्रेय पुतळ्याला नाही, शेजाराला आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उघडली. तोवर नव्या चित्रकारांना चित्रं लावायला धड जागा नव्हती. गॅलरीतलं सामोवार हे उपाहारगृह, बाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणारे कलाकार, पलीकडे रेकॉर्ड ऐकायला जायचं ते ऱ्हिदम हाउस, वाचनालयातल्या आरामखुर्च्या. कवी अरुण कोलटकर इथल्याच वेसाइड इन या उपाहारगृहाच्या खिडकीशी बसायचे आणि चौकातल्या ट्रॅफिक आयलंडवर राहणाऱ्या माणसांवर, कुत्र्यांवर, कचऱ्यावर त्यांनी कवितांची अख्खी मालिका लिहिली. पुतळा उचलल्यानंतर त्या जागेवर खऱ्या अर्थाने कोणाची नजर गेली असेल, तर ती त्यांची.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याचे नियम आले. पाठोपाठ १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ पासून दर वर्षी हिवाळ्यात कलामहोत्सव भरू लागला. रीगल सर्कलपासून विद्यापीठापर्यंत आणि ओव्हल मैदानापासून लायन गेटपर्यंतचा पट्टा ‘कलेचा परिसर’ म्हणून मांडला गेला. याचे फायदे उघड आहेत: इमारतींची, फुटपाथची, दिव्यांची डागडुजी झाली, नाटक-चित्र-संगीत रस्त्यावर आलं, उपनगरातली मुलं लोकलने चर्चगेटला उतरून फुकटात कला बघू लागली. पण प्रसिद्धी आली की भाडीही वाढतात. ऱ्हिदम हाउस आणि सामोवार दोन्ही आता नाहीत. प्रत्येक दुकान बंद पडण्यामागे महोत्सव आहे असं म्हणणं अन्याय होईल, तरी कलेमुळे नावारूपाला आलेल्या वस्तीत कलावंतांचे बसण्याचे अड्डे कमी होत जातात, हे खरं.

२०१७चा घोडा या सगळ्यानंतर आला. मुंबईच्या पुतळ्यांत तो वेगळा आहे, कारण इतर ठिकाणी पुतळ्यावरून नाव पडलं, इथे नावासाठी पुतळा घडवला. स्वार न बसवण्याचा निर्णय शहाणपणाचा होता. कोणालाही बसवलं असतं तरी दुसऱ्या कोणाचा तरी मोर्चा आला असता. मात्र या शहाणपणामुळेच तो जरा निरुपद्रवी वाटतो. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात, भांडत नाहीत.

त्याच वर्षी, तिथून फार दूर नाही अशा ससून गोदीत, स्ट्रीट आर्टचा एक मोठा उपक्रम झाला. गोदीच्या जुन्या भिंतींवर आणि वखारींत चित्रं आली, आणि गोदीतच राबणाऱ्या माणसांचे, कोळणींचे मोठाले कृष्णधवल चेहरे भिंतींवर चिकटवले गेले. मासळीच्या वासाने एरवी नाक दाबून जाणारी माणसं ते पाहायला रांगा लावत होती. अल्बर्ट ससूनने राजपुत्रासाठी ब्राँझ ओतवला आणि त्याच्याच गोदीत कोळणींच्या वाट्याला कागद आला, हा फरक नजरेआड करण्यासारखा नाही. ब्राँझला चौथरा, पालिकेची परवानगी, राखणदार मिळतो. कागदाला एक पावसाळा पुरे होतो. आणि ज्यांचे चेहरे लावले, त्या मासेमारांना गोदीतल्या जागेवरच्या आपल्या हक्कासाठी आजही दारोदार फिरावं लागतं.