पाटी अर्धीच का भरतो आपण?

मागच्या आठवड्यात अजिंक्यताऱ्यावरून सकाळी उतरताना खाली एक फ्लेक्स दिसला, 'डोपामिन रिसेट शिबिर, दोन दिवसांत आळस गायब'. फी वाचून मलाच आळस आला. हल्ली डोपामिन हे मेंदूतलं रसायन इतकं फेमस झालंय की रील बघितलं की डोपामिन, वडापाव खाल्ला की डोपामिन, पोरगं अभ्यासाला बसत नाही म्हणजे त्याचं डोपामिन बिघडलं. आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच समीकरण, डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल. आता हे शंभर टक्के खोटं आहे असं मी म्हणणार नाही, पण अर्ध्याच्या वर चुकीचं आहे, आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी मजेशीर आहे, तीच सांगायला बसलोय.

अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात जॉन सॅलामोन म्हणून संशोधक आहेत. नव्वदच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या टीमने उंदरांसाठी इंग्रजी टी अक्षरासारखा बोळ बनवला. उंदीर सरळ पुढे जाणार आणि टोकाला डावीकडे वळायचं का उजवीकडे हे ठरवणार. एका बाजूला खाऊच्या चार गोळ्या, दुसऱ्या बाजूला दोन. पण चारवाल्या वाटेत ४४ सेंटिमीटर उंचीची उभी जाळी. उंदराच्या मानाने म्हणजे घराच्या कंपाउंडवरून चढून जायचं काम. धडधाकट उंदीर काय करतो, तर सरळ जाळी चढतो आणि चार गोळ्या खातो. मग त्यांनी मेंदूच्या आत खोलवर न्यूक्लिअस अकम्बन्स नावाचा एक छोटा भाग आहे तिथलं डोपामिन कमी केलं. आता हाच उंदीर जाळीकडे न जाता दोन गोळ्यांवर समाधान मानायला लागला.

इथे कुणीही म्हणेल की त्यात काय, उंदीर लुळा पडला असेल, चढता येत नसेल. किंवा भूक मेली असेल. किंवा चार गोळ्या कुठे आहेत तेच विसरला असेल. आणि इथेच मला हा प्रयोग आवडतो, कारण त्यांनी एकेक शंका धरून तपासली. जाळी काढून टाकली, तर उंदीर नीट चारकडेच गेला, म्हणजे आठवण शाबूत आणि चार दोनपेक्षा जास्त हेही कळतंय. खायला घातलं तर खात होता, म्हणजे भूकही आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे दुसऱ्या बाजूच्या दोन गोळ्या काढून तिथे काहीच ठेवलं नाही, तेव्हा हाच 'आळशी' उंदीर जाळी चढून पलीकडे गेला! म्हणजे अंगात ताकद होती, चढता येत होतं, खायची इच्छा होती. फक्त सोपा पर्याय समोर असताना 'एवढी मेहनत परवडते' हा हिशोब जमत नव्हता. डोपामिन कमी झालं तर खाऊ बेचव होत नाही, मेहनत महाग होते. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी दुसऱ्या टोकाने हेच दाखवलं, डोपामिन जवळजवळ नसलेल्या उंदरांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं तर ते मिटक्या मारतातच, फक्त उठून खाण्यापर्यंत जात नाहीत. आवडणं वेगळं आणि त्यासाठी उठणं वेगळं.

त्यामुळे ते रिसेटवाले जेव्हा म्हणतात की डोपामिन कमी करा, उपास करा, मोटिव्हेशन वाढेल, तेव्हा हसावं का रडावं कळत नाही. मोबाईल बाजूला ठेवणं चांगलंच आहे, पण त्याने डोपामिन 'धुऊन' निघत नाही, शरीर ते जेवणातल्या प्रथिनांपासून रोज बनवतंच असतं. डोपामिन खरंच संपलं तर काय होतं ते १९८२ साली कॅलिफोर्नियात दिसलं, भेसळीच्या ड्रग्जमुळे काही तरुणांच्या मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मेल्या आणि ती पोरं पुतळ्यासारखी थिजली, हलता येईना, बोलता येईना. आणि ऑनलाइन खाजकुयलीची पावडर 'एनर्जी' म्हणून विकतात, तर त्या बियांत एल-डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं ते, असतं हे खरंय आणि पार्किन्सनचं, म्हणजे डोपामिनच्या पेशी मरत जाऊन हात थरथरतात आणि हालचाल मंदावते त्या आजाराचं, मुख्य औषध तेच आहे, पण म्हणून स्वतःच्या मनाने चमचा चमचा खायचं नसतं, उलट्या आणि बीपी खाली जाणं हे होऊ शकतं.

पार्किन्सनचा विषय निघालाच आहे तर, आमच्या नात्यातल्या एका आजोबांना हात थरथरायच्या आधी दोन वर्षं कशातच रस उरला नव्हता, नुसते खुर्चीत बसून असायचे. घरच्यांनी अंगारा आणला, उतारा टाकला, कुणीतरी करणी केली म्हणाले. दाभोलकरांच्या साताऱ्यात हे चालतं याचं वाईट वाटतं. या आजारात अशी उदासीनता बऱ्याच जणांना येते आणि तो आळस नसतो, करणी तर नसतेच. तो जाळीसमोरचा उंदीर आहे.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं. २०१६ च्या उन्हाळ्यात पानी फाउंडेशनचा पहिला वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, झाला, त्यात आपला कोरेगाव तालुका होता आणि तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. आम्ही साताऱ्याचे चार मित्र एका रविवारी तालुक्यातल्या एका गावात श्रमदानाला गेलो, चर खणायला. पहिला अर्धा तास टिकाव मारताना फोटो. मग हाताला फोड आले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी मातीची पाटी अर्धीच भरून पुढे सरकवतोय. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मी स्वतः हो म्हणून आलो होतो, तरी अर्धी.

पुढच्याच वर्षी, २०१७ ला, पॅट्रिशिया लॉकवुड आणि सहकाऱ्यांचा इंग्लंडमधला अभ्यास छापून आला आणि मला वाटलं हे माझ्याच पाटीवर लिहिलंय. लोकांच्या हातात मुठीने दाबायचं यंत्र दिलं. आराम करा आणि एक पॉइंट घ्या, किंवा आपल्या पूर्ण ताकदीच्या ३० ते ७० टक्के जोर लावा आणि जास्त पॉइंट घ्या. पॉइंटचे पैसे मिळणार, कधी स्वतःला, कधी अनोळखी माणसाला. जोर जास्त लागणार असेल तेव्हा लोक परक्यासाठी कमी वेळा हो म्हणाले, हे अपेक्षितच होतं. पण जिथे हो म्हणाले तिथेसुद्धा परक्यासाठी दाबताना मूठ जरा सैलच होती. म्हणजे माझी पाटी.

यातलं गणित बघा, मेंदूच्या हिशोबात फायदा वजा खर्च, पण खर्च मेहनतीच्या सरळ प्रमाणात जात नाही, मेहनतीच्या वर्गाच्या प्रमाणात जातो, आणि त्याला एक गुणक असतो, त्याला के म्हणू. मेहनत दुप्पट झाली की खर्च चौपट. प्रत्येकाचा स्वतःसाठीचा के वेगळा आणि दुसऱ्यासाठीचा के वेगळा, आणि बहुतेकांचा दुसऱ्यासाठीचा मोठा. म्हणून हलकं काम असेल तर फरक फारसा जाणवत नाही, शेजाऱ्याची सायकल धरायला सगळे येतात, पण कपाट चौथ्या मजल्यावर चढवायचं म्हटलं की एकेकाची पाठ दुखायला लागते. (हे वाचताना झोप आली असेल तर एवढंच धरा, परक्यासाठी तीच जाळी उंच वाटते.)

हा दुसऱ्यासाठीचा हिशोब कुठे होतो तेही आता थोडं कळलंय. मेंदूचे दोन अर्धगोल आत एकमेकांना टेकतात तिथल्या भिंतीवर अँटेरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स असतो, उंदरातही तो भाग काढला की सोपा पर्याय समोर असताना तो जाळी चढायचं टाळतो. माणसात त्यातलीच एक वळी, सिंग्युलेट गायरस, दुसऱ्यासाठी किती मेहनत पडेल याची नोंद ठेवते, असं याच टीमच्या २०२२ च्या स्कॅनमध्ये दिसलं. आणि कपाळामागे, डोळ्यांच्या वर मधोमध जो भाग आहे त्याला इजा झालेली माणसं दुसऱ्यासाठी कष्ट घ्यायला कमी तयार होतात, जोरही कमी लावतात, हे २०२४ मध्ये आलं. तेव्हा 'मदत करणं रक्तात असावं लागतं' हे जे आपण म्हणतो ते निदान पत्ता तरी चुकीचा सांगतं.

याच टीमने २०२१ मध्ये म्हातारी आणि तरुण माणसं शेजारी शेजारी बसवून हाच मुठीचा प्रयोग केला. तरुणांचा अंदाज तुम्हाला आलाच असेल. म्हातारी मंडळी परक्यासाठी मेहनत घ्यायला तरुणांपेक्षा जास्त तयार निघाली, आणि मूठही सैल सोडली नाही.

त्या रविवारी आमच्या चराच्या टोकाला सत्तरीच्या पुढचे एक आजोबा होते, गावातलेच, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. माझी अर्धी पाटी त्यांच्याकडे पोचली की ते ती खाली ठेवायचे, फावड्याने दोन घाव माती आणखी टाकायचे आणि मगच उचलायचे. तिसऱ्यांदा मला राहवलं नाही, म्हटलं आजोबा राहू द्या, जड होईल. तर म्हणाले, "आवो, परत हेलपाटा कशाला, भरा की नीट."