चादरी आहेत, टेम्पो आहे, पण रस्ता कुणाचा?

मागच्या थंडीत आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मंडळाच्या पोरांनी ठरवलं की युद्धात अडकलेल्या लहान मुलांना सोलापुरी चादरी पाठवायच्या. एका कारखानदार अण्णांनी सेकंडचा माल फुकट देतो म्हणून लगेच सांगूनही टाकलं, म्हणजे विणीत थोडा दोष, पण ऊब तीच. मग कुणीतरी विचारलं, "पण पाठवायचं कसं ओ?" आणि सगळे गप्प.

आपल्या डोक्यात मदत म्हणजे किल्लारी असते. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. मी तेव्हा शाळेत होतो, दुसऱ्या दिवशी गल्लीतून भाकरी, शेंगा चटणी आणि चादरी भरून टेम्पो निघाला तो नळदुर्ग-उमरगा करत सरळ गेला. कुणाची परवानगी नाही, कुणी अडवलं नाही. भूकंपाला शत्रू नसतो ना. युद्धात माल असतो, पैसे असतात, माणसंही असतात, आणि तरी ट्रक आठवडे आठवडे नाक्यावर उभा राहतो, कारण नाक्यावरचा म्हणतो हे दूध पलीकडच्या सैनिकाच्या पोटात जाणार. या एका वाक्याशी भांडण्यात शंभर वर्षं गेलीत.

सुरुवात साधारण १९१९ ची धरा. पहिलं महायुद्ध नोव्हेंबर १९१८ ला थांबलं पण इंग्लंड आणि दोस्तांनी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी पुढे कित्येक महिने चालूच ठेवली आणि तिकडे पोरं उपासमारीने मरायला लागली. लंडनमध्ये एग्लंटाइन जेब नावाच्या बाईंनी त्या पोरांचे फोटो असलेली पत्रकं ट्राफल्गार चौकात वाटली, पोलिसांनी धरलं, पाच पौंड दंड झाला. म्हणतात की सरकारी वकिलानेच त्या दंडाचे पैसे तिला दिले. त्याच वर्षी मे महिन्यात तिने आणि तिच्या बहिणीने सेव्ह द चिल्ड्रन काढलं. शत्रूच्या पोरांसाठी मदत मागताय म्हणून लोकांनी शिव्याही घातल्या. १९२४ ला राष्ट्रसंघाने बालहक्कांचा पहिला जाहीरनामा मान्य केला, तो तिच्याच मसुद्यावरून.

आता आपल्या गावाचं. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आपण सगळे बघतो, पण त्यांची चीनची वाट किती अडखळत गेली ते फारसं बोललं जात नाही. १९३८ ला सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष, तेव्हा निधी गोळा करून पाच डॉक्टर पाठवले, अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. सप्टेंबरात मुंबईहून बोटीने निघालेली ही मंडळी येनानला पोचली थेट १९३९ च्या फेब्रुवारीत. जायचं होतं कम्युनिस्टांच्या भागात आणि वाटेतलं सरकार कुओमिंतांगचं, म्हणजे चीनच्या राष्ट्रवादी पक्षाचं, जपानविरुद्ध दोघं एकत्र पण एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. पुढे त्या भागाची नाकेबंदी झाली आणि औषधांची टंचाई कायमची मागे लागली. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय ३२. ही मदत खास मुलांसाठी नव्हती हे मान्य, पण मधल्या सरकारने वाट दिल्याशिवाय मदत पोचत नाही हे समजायला सोलापूरकराला लांब जायची गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर डिसेंबर १९४६ ला युनिसेफ आलं, आणि १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या २३ व्या कलमात पहिल्यांदा स्पष्ट लिहिलं गेलं की पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि बाळंतिणी यांच्यासाठी अन्न, कपडे आणि टॉनिक शत्रूकडे जात असलं तरी जाऊ द्यायचं. पण लगेच खाली अटी, माल दुसरीकडे वळवला जाईल किंवा शत्रूला त्याचा ठोस फायदा होईल अशी गंभीर शंका असेल तर अडवता येतं. आता शंका कुणाला येत नाही सांगा. आणि एक गंमत, त्या कलमात कपडे आहेत पण अंथरूण-पांघरूण नाही. ते आलं या करारांना जोडलेल्या १९७७ च्या जादा प्रोटोकॉलमध्ये. म्हणजे आपल्या चादरीला कायद्यात शिरायला २८ वर्षं लागली, आणि तो प्रोटोकॉल भारताने अजून स्वीकारलेला नाही.

या अटींचं काय होतं ते बियाफ्रात दिसलं. १९६७ ते ७० नायजेरियाचं यादवी युद्ध, बियाफ्रा म्हणजे त्यातून फुटून निघालेला भाग, पोट फुगलेल्या पोरांचे फोटो जगभर गेले. सरकार म्हणालं मदत आमच्याकडून तपासून जाऊ द्या, बियाफ्रावाले म्हणाले तुमच्या हातून आलेल्या अन्नात विष असेल, मग चर्चच्या संस्था रात्री दिवे मालवून उली नावाच्या धावपट्टीवर विमानं उतरवायला लागल्या. त्याच पट्टीवर रात्री शस्त्रंही उतरत होती. जून १९६९ मध्ये रेडक्रॉसचं विमान पाडलं गेलं. या अनुभवातून बाहेर पडलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांनी १९७१ ला मेदसां सां फ्राँतिए ही संकटात उपचार करणारी डॉक्टरांची संस्था काढली.

नंतर वेगळी युक्ती सुचली, ती मला सगळ्यात आवडते. रस्ता मागू नका, दिवस मागा. १९८५ ला एल साल्वाडोरमध्ये चर्चने मध्यस्थी केली आणि सरकार व बंडखोर दोघांनी तीन दिवस गोळीबार थांबवला, का तर पोरांना लस द्यायची होती. अडीच लाखाच्या आसपास मुलांना टोचली. लशीला नाही म्हणणं जड जातं कारण ती ना विकता येते ना सैनिकाला खाऊ घालता येते. १९८९ ला सुदानमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं, ऑपरेशन लाइफलाइन सुदान, सरकार आणि बंडखोर दोघांशी करार. पण विमान कुठे उतरायचं याची परवानगी खार्टूमच्या, म्हणजे सुदान सरकारच्या हातात राहिली आणि १९९८ च्या दुष्काळात ऐन गरजेला तिकडे उड्डाणं बंद झाली.

माल पण बदलला. आधी कुपोषित पोराला खास दूध पाजायचं तर स्वच्छ पाणी, दवाखाना, नर्स सगळं लागायचं, युद्धात कुठून आणणार. १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं मिसळून एक पेस्ट बनवली, पाकीट फाडा आणि पोराच्या तोंडात द्या, ५०० कॅलरी, पाणी नको चूल नको. शेंगा चटणीच्या गावाला हे पटकन कळेल.

गाझात २०२४ मध्ये दोन्ही गोष्टी, मदतीवरचा हल्ला आणि लशीसाठी थांबलेली लढाई, एकाच वर्षात दिसल्या. १ एप्रिलला वर्ल्ड सेंट्रल किचन या जेवण पुरवणाऱ्या संस्थेचे सात कामगार इस्रायली हल्ल्यात मारले गेले. आणि सप्टेंबरमध्ये तिथेच लढाई भाग-भागात थांबवून दहा वर्षांखालच्या साडेपाच लाखांच्या वर पोरांना पोलिओचे डोस पाजले.

आमच्या चादरींचं म्हणाल तर, ओळखीच्या सीएने सांगितलं की भारतातल्या ट्रस्टला परदेशात खर्च करायचा असेल तर करसवलतीसाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, आणि एवढं करून आपली चादर विमानाने नेण्याचं भाडं चादरीपेक्षा जास्त. शेवटी पोरांनी आपापल्या खिशातून युनिसेफला ऑनलाइन पैसे भरले. चादरी अजून अण्णांच्या गोदामात आहेत, परवा म्हणत होते स्टँडवर झोपणाऱ्यांना देऊन टाकू या, तिथं जायला रिक्षा पुरते.