संकेतस्थळ : निर्मिती व शोधसुलभता

एका डोमेन नावाखाली (महाजालावरील पत्त्याच्या मुख्य नावाखाली) ठेवलेल्या आणि परस्परांशी दुव्यांनी जोडलेल्या वेब पानांच्या समूहास संकेतस्थळ अर्थात वेबसाइट म्हणतात. असे स्थळ महाजालावर ठेवणे ही एक क्रिया आणि ते अपेक्षित वाचकाला शोधून सापडावे अशी त्याची मांडणी करणे ही दुसरी. दुसरीस शोधयंत्र (सर्च इंजिन) अनुकूलन, व्यवहारात एसईओ, असे म्हणतात. नवखा कर्ता बहुधा आपला सर्व वेळ पहिल्या क्रियेवर खर्च करतो, परंतु या दोन्ही गरजा मुळात जवळजवळ एकदमच उद्भवल्या.

पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेत नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर उभारले. त्यांनी मार्च १९८९ मध्ये मांडलेला वेबचा प्रस्ताव नोव्हेंबर १९९० मध्ये रोबेर कायो यांच्या सहकार्याने नव्याने लिहिला गेला. या स्थळाच्या कालनिश्चितीबाबत एकवाक्यता नाही. ६ ऑगस्ट १९९१ ही तारीख अनेक ठिकाणी दिली जाते. पण त्या दिवशी बर्नर्स-ली यांनी प्रकल्पाचा गोषवारा एका न्यूजग्रुपवर (महाजालावरील सार्वजनिक चर्चागटावर) जाहीर केला होता. पाने पुरवणारा सर्व्हर आणि ती दाखवणारा ब्राउझर १९९० च्या नाताळाच्या सुमारासच चालू झाले होते आणि त्यासाठी २० डिसेंबर ही तारीखही सांगितली जाते. म्हणून निर्मिती १९९० ची व जाहीर परिचय १९९१ चा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. जन्माची म्हणून रूढ झालेली तारीख वस्तुतः ते स्थळ बाहेरच्यांना सापडू लागल्याची आहे.

आरंभी नव्या सर्व्हरांची यादी हाताने ठेवली जाई. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि स्थळांची संख्या वाढत गेल्यावर ती पद्धत अपुरी पडली. वेबवरील पहिले शोधयंत्र कोणते, यावरही मतभेद आहेत. काही जण सप्टेंबर १९९३ मधील डब्ल्यू-थ्री कॅटलॉगला हा मान देतात, परंतु ते आधीच्या याद्यांवर आधारलेले होते. पाने स्वतः धुंडाळणे, त्यांची सूची करणे आणि प्रश्नाला उत्तर देणे ही तिन्ही कामे एकत्र करणारे यंत्र ही व्याख्या घेतली, तर डिसेंबर १९९३ मधील जोनाथन फ्लेचर यांच्या जंपस्टेशनचा दावा बळकट ठरतो. ते पानाचे शीर्षक व उपशीर्षके तेवढी सूचीत घेत असे. पानाचा संपूर्ण मजकूर सूचीत घेणारे वेबक्रॉलर १९९४ मध्ये आले आणि १९९८ मध्ये गूगलने इतर पानांकडून येणाऱ्या दुव्यांवरून पानाचे महत्त्व ठरवण्याची रीत रूढ केली.

नेमके शीर्षक, वाचनीय मजकूर आणि इतर स्थळांवरून आपणहून मिळालेले दुवे या तिन्हींचे महत्त्व आजही टिकून आहे. पानामागील, वाचकास न दिसणाऱ्या संकेतात (कोडमध्ये) कळशब्दांची (कीवर्डांची) रास लपवणे मात्र निरुपयोगी आहे. क्रमवारीसाठी ते वापरत नसल्याचे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले. पानांची यादी शोधयंत्राला देणारी साइटमॅप फाइल २००५ पासून प्रचारात आहे. त्याहून जुनी, १९९४ मधील रोबॉट्स फाइल शोधयंत्राला पान धुंडाळण्यास मनाई करते. तथापि त्या पानाचा पत्ता इतर दुव्यांवरून निकालांत येऊ शकतो, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते.

मराठी स्थळांचा प्रश्न अधिक मूलभूत होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत (क्रमांक) देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वी अनेक स्थळे अशा फाँटांत लिहिली गेली की ज्यांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. फाँट उतरवून घेतलेल्या वाचकास पडद्यावर स्वच्छ मराठी दिसे, पण शोधयंत्रापर्यंत निरर्थक रोमन अक्षरमालाच पोहोचे. परिणामी कष्टाने लिहिलेला पुष्कळ चांगला मजकूर शोधास पारखा राहिला. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच झाला होता. मात्र त्यानेही सर्व अडचणी मिटल्या नाहीत. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे नोंदवता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व शून्यरुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधपेटीच्या दृष्टीने ते भिन्न शब्द असतात. ‘ॲ’चीही हीच स्थिती आहे : त्याला २००८ मध्ये स्वतंत्र संकेत मिळाला, तरी त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला आहे. एका स्थळावर एकच रूप कटाक्षाने पाळणे, आणि शोधपेटी बनवताना दोन्ही रूपे एकत्र आणणे, हा त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

देवनागरीतील ‘.भारत’ ही डोमेन नावे २०१४ मध्ये सुरू झाली. त्यांत मराठी नाव घेता येते. डोमेन यंत्रणेत मात्र त्याचे रूपांतर एका ठरावीक उपसर्गाने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालेत होते, आणि पत्ता नकलून इतरत्र डकवल्यास कित्येकदा हेच रूप दिसते.