भांडण सूक्ष्मजीवांचं, लाभ माणसाचा

कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं की काही तासांत दही लागतं. विरजणात कोट्यवधी जीवाणू असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन ते लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. योगर्टसाठी मुद्दाम वापरली जाणारी जोडी आहे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस यांची, आणि ती फार जमलेली जोडी आहे. लॅक्टोबॅसिलस दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतो, ते स्ट्रेप्टोकॉकसला वाढीसाठी लागतात. स्ट्रेप्टोकॉकस फॉर्मिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यावर लॅक्टोबॅसिलस जोम धरतो.

ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ६.७ असतो. आम्ल वाढेल तसा तो उतरत जातो. केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन. त्याचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युतभारामुळे एकमेकांना दूर ढकलत दुधात तरंगत असतात. सामू ४.६ च्या आसपास आला की हा भार उरत नाही. कण एकमेकांना चिकटतात, त्यांची जाळी तयार होते आणि पाणी व स्निग्धांश त्या जाळीत अडकून राहतात. दही लागत असताना भांडं हलवू नये असं सांगतात ते अगदी खरं आहे. अर्धवट तयार झालेली जाळी तुटते आणि पाणी सुटतं.

जीवाणूंच्या दृष्टीने लॅक्टिक आम्ल हा ऊर्जा मिळवताना उरलेला टाकाऊ पदार्थ. पण त्याचा त्यांना आणखी एक फायदा होतो. दूध नासवणारे बहुतेक जीवाणू इतक्या आंबट जागी तग धरत नाहीत, त्यामुळे भांड्यातलं अन्न या जोडीला एकटीला मिळतं. दही दुधापेक्षा जास्त टिकतं ते यामुळेच. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा त्यांचा भाऊबंद तर आम्लावर न थांबता नायसिन नावाचं एक छोटं प्रथिन सोडतो आणि ते शेजारच्या जीवाणूंच्या आवरणाला छिद्रं पाडतं. चीज टिकवण्यासाठी आज नायसिन वापरलं जातं. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. या वायूने पावाची कणीक फुगते आणि अल्कोहोल भट्टीत उडून जातं. अॅसिटोबॅक्टर हा जीवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतो, आणि त्यातही इतर जीवाणूंचं फारसं चालत नाही.

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, असा हा प्रकार आहे. माझ्या मते प्रतिजैविकांची गोष्टही इथूनच सुरू होते.

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जीवाणूंच्या बशीत बुरशी उगवलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जीवाणू विरघळलेले दिसले. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. त्यापुढची मेहनत मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि ती सांगायला हवी. बुरशीच्या रसातून पेनिसिलिन वेगळं काढणं महाकठीण होतं. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी ते जमवलं. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जीवाणूंचं इंजेक्शन दिलं आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते, औषध मिळालेले चारही जिवंत होते. पुढच्या वर्षी संसर्गाने जर्जर झालेल्या एका पोलीस शिपायाला हे औषध दिलं गेलं. त्याला झपाट्याने उतार पडला, पण औषधाचा साठा अपुरा होता. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन पुन्हा गाळून वापरलं, तरीही ते पुरलं नाही आणि तो दगावला.

औषध सापडलं होतं, प्रश्न ते पुरेसं तयार करण्याचा होता. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेने तो सोडवला. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं पाणी बुरशीला खाऊ घातलं, तेव्हा उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. १९४३ मध्ये बाजारातून आणलेल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर अधिक पेनिसिलिन देणारा वाण मिळाला. क्ष-किरण आणि अतिनील किरणांनी त्यात बदल घडवून तो आणखी सुधारण्यात आला.

पेनिसिलिन काम करतं तेही पाहण्यासारखं आहे. जीवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भिंत असते आणि वाढताना ती सतत नव्याने जोडावी लागते. पेनिसिलिन ही जोडणी थांबवतं. भिंत कमजोर होते, पाणी आत शिरतं आणि पेशी फुटते. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून त्या बचावतात.

अशी रसायनं सर्वात जास्त मिळाली ती मातीत. पहिल्या पावसानंतर जो मातीचा वास येतो, त्यामागे बऱ्याच अंशी स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जीवाणू असतात. त्यांच्यातल्याच एकापासून १९४३ मध्ये सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. क्षयावर गुण देणारं हे पहिलं प्रतिजैविक.

मला सर्वात भावतो तो जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांचा तर्क. काही सूक्ष्मजीवांना जगण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात. तेव्हा त्यांना नामोहरम करायला एखादी बुरशी नेमकी हीच निर्मिती अडवणारं रसायन बनवत असेल, असं त्यांना वाटलं. सुमारे ६,००० वाण तपासल्यावर १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीत तसं रसायन मिळालं. रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली औषधं त्यातून पुढे आली.

या लढाईत ढालीही तितक्याच जुन्या आहेत. स्वतःच्याच विषाने मरू नये म्हणून प्रतिजैविक बनवणाऱ्या जीवाणूंकडे त्यापासून बचाव करणारी जनुकं असतात आणि जीवाणू एकमेकांना जनुकं देऊ शकतात. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर प्रतिजैविक घेतलं तर सर्दीला काही होत नाही. शरीरातले साधे जीवाणू मात्र मरतात आणि ढालवाल्यांना मोकळं रान मिळतं.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी आहे. ते कोणत्याही जीवाणूचं शस्त्र नाही, जीवाणूला त्याचा काही उपयोगही नाही. पूर्वी डुकरं आणि गायींच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढत. मानवी इन्सुलिनमध्ये दोन साखळ्यांत मिळून ५१ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात. डुकराच्या इन्सुलिनमध्ये त्यातलं एक वेगळं असतं, गायीच्या इन्सुलिनमध्ये तीन. १९७८ मध्ये इन्सुलिनच्या दोन्ही साखळ्यांची जनुकं प्रयोगशाळेत तयार करून ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूत बसवली गेली. दोन साखळ्या स्वतंत्रपणे मिळवून नंतर जोडल्या. १९८२ मध्ये हे इन्सुलिन अमेरिकेत विक्रीला मान्य झालं. चारच वर्षांनी यीस्टमध्ये तयार केलेली हिपॅटायटिस बीची लसही आली. त्या लसीत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या आवरणातलं फक्त एक प्रथिन असतं.