रात्र मोजणारं झाड

साधारण ११० वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्नवा नावाचा एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ एका कोड्यात अडकला होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली भांगेची रोपं जेमतेम उगवून आली की फुलायला लागत. तेच बी वसंतात उघड्यावर पेरलं, तर झाड महिनोन्‌महिने नुसतं वाढत राही आणि फुलोरा उन्हाळा सरताना येई. मग त्यानं रोपांचा उजेडच कमी केला, दिवसातून मोजके तास. फुलं लवकर आली. १९१२ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं आणि १९१४ साली आणखी एक पाऊल पुढे टाकलं: दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणं हेच खरं कारण दिसतं, असं त्यानं लिहिलं. त्याच सुमारास महायुद्ध सुरू झालं आणि त्यात तो मारला गेला. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर असेच प्रयोग करून ‘प्रकाशकाल’ ही, म्हणजे दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलोरा ठरण्याची, संकल्पना मांडली. पाठ्यपुस्तकांत नाव त्यांचं येतं, आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीची सुरुवात भांग आणि तिच्याच कुळातल्या हॉप्स या वेलीपासून झाली, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

उघड्या रानात वाढणाऱ्या कॅनाबिसवर, म्हणजे याच भांगेच्या झाडावर, हवामानाचा काय परिणाम होतो, हे समजून घ्यायचं तर आधी ऊन-पाऊस नव्हे, रात्र बघावी लागते. पानांमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. दिवसाच्या उजेडात ते एका रूपात जातं आणि अंधारात हळूहळू मूळ रूपाकडे परततं. पानांतलं दिवस-रात्रीचं घड्याळ आणि हे रंगद्रव्य मिळून अंधार किती वेळ टिकला याचा हिशेब ठेवतात. रात्र पुरेशी लांब झाली की झाड फुलोऱ्याची तयारी करतं. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला, तरी हा हिशेब बिघडू शकतो. बऱ्याच वाणांत दिवस १४ तासांच्या आसपास आला की कळ फिरते, पण हा आकडा वाणागणिक बदलतो. फ्लोरिडात हेम्पच्या, म्हणजे धागा, बी आणि तेलासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेच्या, काही वाणांवर प्रयोग झाले. त्यांत उजेडाच्या अवघ्या १५ मिनिटांच्या फरकानं फुलोरा मागेपुढे झाला.

आता पृथ्वीचा गोल डोळ्यांसमोर आणा. विषुववृत्तावर वर्षभर दिवस साधारण १२ तासांचा. ४० अंश उत्तरेला जूनमध्ये तो १५ तासांवर जातो आणि ६० अंशांवर जवळपास १९ तासांवर. उष्ण कटिबंधातल्या झाडाला थंडीची घाई नसते. तिथल्या वाणांचा फुलोरा महिनोन्‌महिने सावकाश चालतो. असं बी उत्तरेकडे नेलं, तर लांबलचक दिवसांत झाड उंच उंच वाढत जातं, फुलायला उशीर करतं आणि बी भरायच्या आत हिमतुषार पडून संपतं. धाग्यासाठी लागवड करणारे नेमका याचाच फायदा घेतात: दक्षिणेकडचं वाण उत्तरेला लावलं की फुलोरा लांबतो, खोड उंच होतं आणि धागा जास्त मिळतो. उलट उत्तर युरोपातलं वाण विषुववृत्ताकडे आणलं, की गुडघ्याएवढं रोप म्हातारं झाल्यासारखं फुलून मोकळं होतं. बी तेच, माती उत्तम, पाणी भरपूर. फक्त आकाश परकं.

यातून पूर्ण सुटलेली एक जात आहे. १९२४ साली रशियन शास्त्रज्ञ यानिशेव्हस्की यांनी व्होल्गा नदीच्या प्रदेशातल्या रानटी भांगेचं वर्णन केलं आणि तिला ‘रुडेरालिस’ असं नाव दिलं. जिथे उन्हाळाच तोकडा, तिथे रात्री लांबायची वाट बघणं परवडत नाही. आज रुडेरालिस म्हणून ओळखली जाणारी झाडं ठरावीक वय झालं की, दिवस कितीही मोठा असो, फुलतात. हल्लीच्या ‘ऑटोफ्लॉवरिंग’ वाणांमध्ये हाच गुण आणलेला आहे.

फुलोऱ्याची वेळ एकदा ठरली, की त्या वेळी हवा कशी आहे यावर बाकीचं अवलंबून. इथे आर्द्रता फार निर्दय असते. मादी झाडाचा फुलोरा म्हणजे असंख्य बारीक फुलांचा चिकट, दाट गुच्छ. शरद ऋतूत धुकं आणि पाऊस आला, की त्या गुच्छाच्या पोटात ओल अडकते आणि बोट्रायटिस ही राखाडी बुरशी आतून सडवायला सुरुवात करते. वरून गुच्छ ठीक दिसत असतो. हिंदुकुशाच्या कोरड्या डोंगराळ पट्ट्यातली झाडं बुटकी, रुंद पानांची, लवकर पिकणारी आणि घट्ट फुलोऱ्याची. तिथल्या कोरड्या हवेत ही घट्ट ठेवण खपून जाते. दमट प्रदेशात तीच त्यांच्या मुळावर येते. उष्ण-दमट भागातल्या वाणांची पानं अरुंद आणि फुलोरा विरळ, वारा खेळता राहील असा. अशा स्थानिक वाणांकडे बघताना मला तिथल्या हजारो पावसाळ्यांची नोंद वाचल्यासारखं वाटतं.

उष्णतेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. मिसिसिपी विद्यापीठातल्या २००८ सालच्या मोजमापांत एका मेक्सिकन वाणाचं प्रकाशसंश्लेषण ३० अंश सेल्सियसला सर्वाधिक भरलं. रात्री गार झाल्या की काही वाणांची पानं जांभळट होतात. तो अँथोसायनिन या रंगद्रव्याचा परिणाम. त्या रंगाचा आणि नशेच्या तीव्रतेचा संबंध लोक जोडतात, पण तो जोडायला आधार नाही.

जमिनीचं म्हणाल तर या झाडाला सोटमूळ असतं आणि त्याला खाली जायला वाट हवी असते. खोल, भुसभुशीत, निचऱ्याची पोयट्याची जमीन आणि ६ ते ७.५ च्या दरम्यानचा सामू (पीएच), एवढं मिळालं की ते खूश. तळाशी कडक थर लागला तर सोटमूळ काटकोनात वळतं आणि पुढे पाण्याचा ताण पडला की झाड मान टाकतं. चिबड जमीन तर त्याला अजिबात सोसत नाही. मुळांना हवा मिळाली नाही की रोपं पिवळी पडून खुंटतात. ‘कुठेही उगवणारं तण’ ही त्याची ख्याती म्हणूनच अर्धी खरी आहे. ते रस्त्याच्या कडेला जगतं, पण भरघोस येतं ते चांगल्या, कसदार जमिनीतच.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. हे झाड मातीतून अन्नद्रव्यांबरोबर कॅडमियम, शिसं, निकेल असे जड धातूही उचलतं. याच गुणामुळे १९९०च्या दशकाच्या अखेरीस चेर्नोबिलजवळच्या दूषित जमिनीवर हेम्प लावून पाहण्यात आलं. जमीन शुद्ध करण्यासाठी जो गुण, तोच औषधासाठी धोका. जमिनीतलं कॅडमियम फुलापर्यंत पोहोचू शकतं आणि मग धूर होऊन फुप्फुसात जातं. म्हणूनच जिथे लागवड कायदेशीर आहे तिथे अनेक ठिकाणी माल विकण्याआधी कॅडमियम, शिसं, पारा आणि आर्सेनिक यांची तपासणी सक्तीची आहे. माती सेंद्रिय खतानं सुपीक केलेली असली म्हणून ती स्वच्छ असतेच असं नाही. जुना कारखाना, खाण किंवा हमरस्ता शेजारी असेल तर हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आता सर्वाधिक वादाचा प्रश्न. अमुक डोंगरातली माती झाडाला ‘कडक’ बनवते का? टीएचसी हा नशा आणणारा घटक आणि सीबीडी हा तसा नसलेला घटक. त्यांचं एकमेकांशी प्रमाण मुख्यतः जनुकं ठरवतात. अमेरिकेत २०१८च्या कायद्यानं हेम्पमध्ये टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. ती ओलांडली गेली की शेतकरी हवामानाच्या ताणाला दोष देत. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी झाडांना पाण्यात बुडवलं, इजा केली, भुरी रोगाला तोंड द्यायला लावलं, तणनाशक फवारलं. सीबीडी आणि टीएचसी यांचं गुणोत्तर फारसं हललं नाही. उंचावरच्या अतिनील किरणांचंही तसंच. १९८७च्या एका प्रयोगात त्या किरणांमुळे टीएचसी वाढलेलं दिसलं होतं, पण २०२१ साली कॅनडात आधुनिक वाणांवर केलेल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. मग प्रदेशाला काहीच अर्थ नाही का? आहे. झाड किती मोठं होईल, हे घटक असलेली चिकट राळ किती भरेल, फुलोरा निरोगी उतरेल की सडेल, हे प्रदेशच ठरवतो. कॅलिफोर्नियात २०२० साली कायद्यानं ठरवलं, की एखाद्या प्रदेशाचं नाव मालावर लावायचं तर झाड त्याच प्रदेशाच्या जमिनीत, काचघर आणि कृत्रिम उजेडाशिवाय वाढलेलं हवं. ही अट मला न्याय्य वाटते.

मोरोक्कोतल्या रिफ पर्वतात ‘बेलदिया’ हे जुनं स्थानिक वाण पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू घेतलं जातं. झाड लहान, पण तिथल्या कोरड्या उन्हाळ्याला सरावलेलं. गेल्या काही दशकांत बाहेरून आलेली, जास्त राळ देणारी संकरित वाणं तिथे पसरली. त्यांना सिंचन लागतं आणि डोंगरातलं पाणी त्यांच्यासाठी उपसलं जातं. शिवाय भांगेचे परागकण वाऱ्यावर जातात, आणि ते किती दूर जातात याचा अंदाज दक्षिण स्पेनमधल्या हवेच्या नमुन्यांवरून येतो: उत्तर आफ्रिकेतल्या शेतांतले परागकण समुद्र ओलांडून तिथे पोहोचलेले सापडले. समुद्र ओलांडणाऱ्या कणांना शेजारच्या शेताचा बांध कसा अडवणार? बेलदियाच्या मादी फुलावर संकरित झाडाचा एक कण पडला, की पुढच्या पेरणीचं त्या फुलातलं बी त्या डोंगराचं अर्धंच उरतं.