बुरसलेला दाणा आणि रिकामा विषाणू

शेंगा फोडताना काळपट, सुरकुतलेला दाणा निघाला की आमची आजी तो कोंबड्यांनासुद्धा टाकायची नाही. सांगलीकडच्या बऱ्याच घरांत ही शिस्त होती. कारण विचारलं तर उत्तर एकच: "कडू असतो."

१९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची पेंड खाऊन सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा त्या कडूपणाच्या शेजारी काय वाढतं ते कळलं. अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन. यकृतात गेल्यावर ते डीएनएला चिकटतं. पी-५३ नावाच्या, पेशीची वाढ आवरणाऱ्या जनुकात २४९ व्या तीन-अक्षरी शब्दात एक अक्षर बदलतं: 'जी'चं 'टी'. हे विष जिथं फार खाल्लं जातं, तिथल्या यकृताच्या कर्करोगात ही खूण पुन्हा पुन्हा सापडते. हिपॅटायटिस बीची लागण असेल तर धोका कैक पटींनी वाढतो.

पण चोरीच्या घरात पावलाचा ठसा सापडला म्हणून चोर सापडला असं नाही. हे जनुक बिघडल्यानंच पेशी मोकाट सुटते, हे दाखवायचं कसं? बाकी सगळं तसंच ठेवून तेवढं एकच जनुक बदलायचं. ते काम विषाणूकडून करून घेतात.

बहुतेकदा लेंटिव्हायरस वापरतात, म्हणजे एचआयव्हीच्या कुळातला. त्याची स्वतःची जनुकं काढून ट्रॉली रिकामी करायची आणि आपला माल भरायचा. कवच बनवायची माहिती वेगवेगळ्या डीएनए-तुकड्यांवर ठेवतात, त्यामुळे पेशीत शिरल्यावर त्याला पिल्लं घालता येत नाहीत. हेप-थ्री-बी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृत-कर्करोगाच्या पेशींत पी-५३ नाहीच. तिथं चांगलं जनुक नेऊन सोडलं की वाढ थबकते, पुष्कळ पेशी मरतात. हेप-जी-टू पेशींत ते शाबूत असतं (या पेशी अर्जेंटिनातल्या १५ वर्षांच्या मुलाच्या गाठीतल्या). तिथं उलट करायचं: जनुकाचा निरोप वाटेतच फाडणारा छोटा आरएनए पाठवायचा.

मग प्युरोमायसिन हे पेशी मारणारं औषध घालतात; ते पचवायचं जनुक मालाबरोबरच भरलेलं असतं. ज्यांना माल पोचला नाही त्या पेशी मरतात. उरलेल्यांवर एमटीटीची चाचणी: पिवळं द्रावण जिवंत पेशींत जांभळं होतं. माझ्या मते या जांभळ्या रंगावर लोक जरा जास्तच विसंबतात. तो पेशींचा चयापचय दाखवतो, डोकी मोजत नाही.

खरी मेख तुलनेत आहे. तासगावचा जाणता द्राक्षबागायतदार नवं औषध आणलं की एक ओळ सोडतो, आणि तिच्यावर नुसतं पाणी मारतो. म्हणजे फरक औषधाचा की पाण्याचा, ते उमगतं. इथं पाण्याच्या जागी रिकामा विषाणू. शिवाय हा विषाणू गुणसूत्रात कुठंही घुसतो, एखादं भलतंच जनुक मोडू शकतो; छोटा आरएनएही कधी भलताच निरोप फाडतो. म्हणून एकाच जनुकावर दोन वेगवेगळे आरएनए लावून बघतात. तरी शंका उरलीच, तर तेच जनुक थोडं वेगळ्या अक्षरांत लिहून परत पाठवतात, आरएनएला ओळखू येणार नाही असं. आणि वाढ पुन्हा खाली येते का, त्याची वाट बघत बसतात.