आईला झोप मिळावी म्हणून बाळ नर्सरीत? जरा थांबा

डिलिव्हरी झाली, आई पार दमलीय, मग कोणीतरी अगदी काळजीपोटीच म्हणतं की आजची रात्र बाळाला नर्सरीत, म्हणजे हॉस्पिटलातल्या बाळांच्या वेगळ्या खोलीत ठेवू, म्हणजे हिला नीट झोप लागेल. ऐकायला पटतं. पण हे तपासून बघणारे अभ्यास १९८० च्या दशकातच झालेत, छोटे होते पण नीट केलेले, आणि त्यात निघालं असं की बाळ रात्री नर्सरीत असलेल्या आया आणि बाळ शेजारी असलेल्या आया, दोघींच्या झोपेत म्हणण्यासारखा फरकच नव्हता. बाळांमध्ये मात्र होता. आईच्या खोलीतली बाळं कमी रडली आणि त्यांना शांत झोप जास्त मिळाली.

मग ही वेगळं ठेवायची पद्धत आली कुठून? विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत बाळंतपणं घरातून हॉस्पिटलात गेली, तेव्हा आयांना जड भूल दिली जायची, त्या कितीतरी वेळ शुद्धीवर नसायच्या, त्यात इन्फेक्शनची भीती, म्हणून सगळी बाळं एका मोठ्या खोलीत आणि दूध घड्याळ बघून दर चार तासांनी. पण एवढी बाळं एकत्र आणि सगळ्यांना हात लावणाऱ्या नर्स त्याच, म्हणजे जंतूंना आयती वाट मिळाली, १९५० च्या दशकात स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूच्या साथी अशा नर्सरींमधूनच पसरल्या. अमेरिकेत येल विद्यापीठाशी जोडलेल्या हॉस्पिटलात डॉ. एडिथ जॅक्सन यांनी १९४६ मध्ये आई आणि बाळ एकाच खोलीत ठेवायला सुरुवात केली, त्यालाच रूमिंग-इन म्हणतात. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या, त्यात दिवसरात्र २४ तास बाळ आईजवळ ही एक पायरी आहे.

आता शरीरात काय होतं ते बघू, कारण मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जन्मल्या जन्मल्या उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं की त्याचं अंग गरम राहतं, ते कमी रडतं, रक्तातली साखरही जास्त चांगली टिकते. वजन करणं, मोजमाप घेणं तासाभराने केलं तरी चालतं, आणि अंघोळ तर २४ तासांनंतरच घाला असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ तोवर अनोळखी जगात असतं असंही नाही, आईचा आवाज ते पोटातच ऐकत आलेलं असतं आणि जन्मानंतर तो बरोबर ओळखतं, हे १९८० च्या प्रयोगात दिसलंय, आणि काही दिवसांतच स्वतःच्या आईच्या दुधाचा वास आला की त्या बाजूला तोंड वळवतं.

दुधाचं तर सगळं गणितच जवळ असण्यावर आहे. भूक लागली की बाळ आधी चुळबुळ करतं, तोंड उघडून इकडेतिकडे शोधतं, मूठ तोंडात घालतं, जीभ बाहेर काढतं, रडणं ही फार उशिराची खूण आहे. शेजारी असलेल्या आईला पहिल्या खुणा दिसतात, नर्सरीतून बाळ येईपर्यंत ते रडून थकलेलं असतं, आणि थकलेलं बाळ नीट ओढत नाही. पहिल्या दिवसांत पोट इवलंसं आणि चीक थोडाच येतो, म्हणून दिवसातून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं, रात्रीही. बाळ जितकं ओढेल तितकं प्रोलॅक्टिन वाढतं आणि दूध बनतं, आणि हे हार्मोन रात्री जास्त असतं, म्हणजे आपण नेमक्या रात्रीच त्यांना वेगळं करतो!

एक गोष्ट मनापासून सांगायचीय. पहिला तास चुकला की नातं कायमचं कच्चं राहतं असं काही नाही. १९७० च्या दशकात तसा समज पसरला होता, पुढे तो टिकला नाही. सिझर अवघड झालं, आई आयसीयूत होती, बाळाला मशीनवर ठेवावं लागलं, अशा आयांनी स्वतःला अजिबात दोष देऊ नये. आई जवळ घेऊ शकत नसेल तोवर बाबाच्या छातीवरही बाळाला ऊब मिळते.

जवळ ठेवताना लक्ष मात्र हवंच. बाळाचं नाक-तोंड मोकळं, मान सरळ, चेहरा दिसत राहील असा. आई औषधांच्या गुंगीत असेल किंवा डोळा लागायला लागला तर बाळ तिच्या पलंगालगतच्या त्याच्या स्वतःच्या पाळण्यात ठेवायचं, आणि सोबतच्या माणसाने जागं राहून बघायचं. थकलेल्या आईला एकटीवर सोडून देणं म्हणजे रूमिंग-इन नव्हे.

आणि खूप लहान बाळांचं काय? १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या, पुरत नव्हते, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीला बांधून ठेवायला सुरुवात केली, तेच कांगारू मदर केअर. तरी बाळ स्थिर झाल्यावरच हे करायचं असा नियम राहिला. मग घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच हॉस्पिटलांत १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेचच आईजवळ ठेवून बघितलं, रोज सुमारे १७ तास. २८ दिवसांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होतं, इथे १२ टक्के. फायदा इतका स्पष्ट होता की ट्रायल मुदतीआधीच थांबवली. २०२१ मध्ये हे छापून आलं, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसच बदलली.

यासाठी एनआयसीयूतच, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातच, आईचा पलंग लागतो, तिचे टाके, तिचं बीपी, तिची औषधं सगळं तिथेच येऊन बघावं लागतं, बाळाचे डॉक्टर आणि आईचे डॉक्टर यांना एकत्र काम करावं लागतं. त्या पाच हॉस्पिटलांकडे पैसा आणि माणसं दोन्ही कमी होती, तरी त्यांनी ते केलं.